राखणदार टेकडी : माझगावच्या किल्ल्यापासून जोसेफ बाप्टिस्टा उद्यानापर्यंत

डॉकयार्ड रोड स्टेशनातून बाहेर पडून टेकडीच्या पायऱ्या चढलो. वर हिरवळीच्या कडेने चकरा मारणाऱ्या एका आजोबांना विचारले, "काका, इथला किल्ला कुठे आहे?" ते थांबले नाहीत. चालता चालताच बोट खाली करून म्हणाले, "हा काय, तुम्ही उभे आहात तिथेच." एक फेरी संपवून परत आले तेव्हा मी तसाच इकडेतिकडे पाहत होतो. त्यांना माझी दया आली असावी. "शोधू नका, सापडायचा नाही. आता खाली पाणी आहे. अख्ख्या वस्तीचं."

मी नागपूरकडच्या कळमेश्वरचा. आमच्याकडे बगिचा म्हटला की संत्र्याचा आणि किल्ला म्हटला की पांढऱ्या मातीची पडकी गढी. समुद्र आठशे किलोमीटर लांब. त्यामुळे समुद्राकडे तोंड करून बांधलेला किल्ला नाहीसा होतो आणि त्याच जागी लोक सकाळी फिरायला येतात, हे मला नवे होते. या स्मरणिकेच्या संपादक मंडळाने टेकडीचा हा इतिहास बाहेरगावच्या माणसाकडून लिहून घेण्याचे ठरवले, त्याचे कारणही बहुधा तेच असावे. घरच्या माणसाला ठाऊक असलेले पाहुणा विचारून घेतो.

निमित्त दुहेरी शताब्दीचे आहे. १९२५ साली माझगावचे सुपुत्र बॅरिस्टर जोसेफ ऊर्फ काका बाप्टिस्टा मुंबई महानगरपालिकेचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षी टेकडीच्या पायथ्याशी देशातली पहिली विजेची आगगाडी धावली. या दोन्ही घटनांना शंभर वर्षे झाली. टेकडीचा इतिहास मात्र त्याआधी अडीचशे वर्षे सुरू होतो. त्याची दशकवार मांडणी पुढे केली आहे. मधली काही दशके निवांत गेली. ती आपणही निवांतपणे ओलांडू.

पायाभरणीचा काळ : १६६१ ते १६८०

माझगाव हे मुंबईच्या सात बेटांपैकी एक. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादुरशहाकडून वसईसह ही बेटे पोर्तुगीजांकडे आली. पुढे माझगावची जहागीर सोझा ए लिमा या घराण्याला मिळाली. त्यांच्या आश्रयाने १६३२ साली इथे ग्लोरिया चर्च उभे राहिले. बाकी वस्ती कोळ्यांची, भंडाऱ्यांची, आगऱ्यांची. काठाला मासे वाळत, आत ताडामाडांच्या वाड्या. सतराव्या शतकात इथे येऊन गेलेल्या डॉ. जॉन फ्रायरने माझगावची ओळख मासेमारीचे मोठे गाव अशी करून दिली आणि बोंबिलाचा उल्लेख आवर्जून केला. टेकडीखालच्या वस्तीचा हा सर्वांत जुना सुगंध म्हणायला हरकत नाही.

१६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण गेली. १६६८ साली राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या गळ्यात मारली. त्या काळी हा सौदा कोणाला फायद्याचा वाटला असेल, शंकाच आहे. बेट दलदलीचे, हवा रोगट आणि शेजारी सगळे तलवारबहाद्दर. गव्हर्नर जेरॉल्ड आँजियर याने १६६९ पासून बेटाची घडी बसवायला घेतली. त्याने स्थानिकांचे राखणदार पथक उभारले. त्यात भंडारी मोठ्या संख्येने होते. टेकडीचे भंडारवाडा हे नाव आजही त्यांच्या वस्तीची आठवण देते.

खरी चिंता होती ती सिद्दीची. जंजिऱ्याचा सिद्दी हा औरंगजेबाचा आरमारी सरदार. पावसाळ्यात समुद्र खवळला की त्याची गलबते माझगावच्या बंदरात आसऱ्याला येत. कंपनीला औरंगजेबाच्या मुलखात व्यापार करायचा होता, त्यामुळे नाही म्हणता येत नसे. पाहुणे मात्र चार-चार महिने राहत आणि गावाला त्यांचा जाच होई. दुसऱ्या बाजूने १६७९ साली शिवाजी महाराजांच्या आरमाराने मायनाक भंडारी यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या तोंडाशी असलेले खांदेरी बेट धरले. कंपनीने ते सोडवण्याची खटपट केली, पण जमले नाही. पुढच्याच वर्षी शेजारचे उंदेरी सिद्दीने घेतले. एका बेटावर मराठे, दुसऱ्यावर सिद्दी आणि दोघांच्या मधून वाट काढणारी कंपनीची जहाजे, असा तो प्रसंग होता.

या धास्तीतून १६८० च्या सुमारास माझगावच्या टेकडीवर किल्ला उभा राहिला. उत्तरेला शीव, मध्ये शिवडी आणि दक्षिणेला माझगाव. पूर्व किनारा आणि बंदर यांच्यावर नजर ठेवणाऱ्या राखणमालेतला हा एक मणी. आकाराने लहान, पण जागा मोक्याची. टेकडीवरून बंदरात शिरणारे प्रत्येक शीड दिसत असे.

पहिले आणि शेवटचे दशक : १६८० ते १६९०

संस्थेचे पहिले दशक संकटाचे असते, हे स्मरणिकांतून आपण नेहमी वाचतो. या किल्ल्याला पहिले दशक पुरले नाही.

कंपनीचा मुख्य अधिकारी सर जॉन चाइल्ड याने मोगलांची व्यापारी जहाजे अडवण्याचा उद्योग आरंभला. औरंगजेबाने त्याचे उत्तर सिद्दी याकूतखानाच्या हाती पाठवले. १६८९ च्या पूर्वार्धात याकूतखान शिवडीला उतरला. त्याच्याबरोबर वीस हजारांची फौज होती, असे सांगतात. शिवडी पडली. माझगावच्या किल्ल्यातल्या शिबंदीने वाट पाहिली नाही. कॅप्टन अलेक्झांडर हॅमिल्टन याने या वेढ्याची हकिगत लिहून ठेवली आहे. तीत इंग्रज किती घाईने निघून गेले आणि तोफा, हत्यारे, खजिन्याच्या पेट्या कशा मागे राहिल्या, याचे फारसे कौतुकाचे नसलेले वर्णन आहे. टेकडीवर सिद्दीचे निशाण चढले. इंग्रज दक्षिणेकडच्या कोटात कोंडले गेले.

वेढा वर्षभराहून अधिक चालला. अखेर कंपनीचे वकील बादशहापुढे हजर झाले, माफी मागितली आणि दीड लाख रुपये दंड भरण्याचे कबूल केले. जॉन चाइल्ड तडजोड पुरी होण्याआधीच वारला. जून १६९० मध्ये सिद्दीने मुंबई सोडली. जाताना त्याने माझगावचा किल्ला जमीनदोस्त केला. मागे उरली मोडतोड आणि रोगराई.

दहा वर्षांत किल्ला बांधून झाला, हातचा गेला आणि पाडलाही गेला. यशाच्या मोजपट्टीने पाहिले तर हे अपयशच. पण टेकडीच्या बाजूने पाहिले तर निराळे दिसते. तट गेले आणि टेकडी मोकळी झाली. पुढे तिला जे काम मिळाले ते तटाबुरुजांना कधीच जमले नसते.

आंबा आणि गोदी : १७७० चे दशक

मधली वर्षे बेटे जोडण्यात गेली. उमरखाडीची आणि इतर खाडीतोंडे बुजली आणि माझगाव बेट न राहता मुंबईचा एक मोहल्ला झाले. डोंगरउतारावर आणि आसपास बागा, वाड्या, साहेबांचे बंगले आले. माझगावच्या आंब्याची कीर्ती याच काळातली. हे झाड वर्षातून दोनदा फळे. थॉमस मूर या आयरिश कवीने १८१७ साली प्रसिद्ध केलेल्या 'लाला रूख' या काव्यातही माझगावच्या आंब्याचा उल्लेख आला. कवी स्वतः कधी इकडे फिरकला नव्हता. आंबा मात्र तिकडे पोचला होता.

या दशकातली महत्त्वाची घटना म्हणजे १७७४ साली टेकडीच्या पायथ्याशी सुरू झालेली छोटी सुकी गोदी. भरतीला जहाज आत घ्यायचे, दरवाजा लावायचा, पाणी काढायचे आणि उघड्या पडलेल्या तळाची डागडुजी करायची, असे तिचे काम. आज आपण जिला माझगाव डॉक म्हणतो, तिचे हे मूळ. किल्ल्याने बंदराची राखण करायची होती, ते साधले नाही. गोदीने मात्र बंदरातल्या जहाजांची देखभाल अडीचशे वर्षे केली. टेकडी आणि गोदी यांचा शेजार तेव्हापासूनचा आहे आणि दोघींनीही तो निभावला आहे.

टेकडीच्या पोटात पाणी : १८६० ते १८९०

या तीन दशकांत टेकडीला नवा जन्म मिळाला. मुंबईची वस्ती वाढत होती आणि विहिरी आटत होत्या. १८६० साली विहार तलावाचे पाणी शहरात आले. बंद नळातून घरापर्यंत पाणी, ही गोष्ट त्या पिढीला चमत्कारासारखी वाटली असेल. १८७९ साली तुळशीची भर पडली. पण धरणातले पाणी थेट नळाला जोडून भागत नाही. शहराच्या जवळ, शहरापेक्षा उंच जागी ते साठवावे लागते. रात्री तलाव भरायचा आणि सकाळी वस्तीकडे सोडायचा. पंप नाही, कोळसा नाही; उतारच पाणी पोचवतो. यासाठी दोन उंच जागा हेरल्या गेल्या, एक मलबार हिल आणि दुसरी ही भंडारवाड्याची टेकडी. एकोणिसावे शतक संपण्याआधी टेकडीच्या माथ्यावर, किल्ल्याच्याच जागी, झाकलेला जलाशय तयार झाला.

झाकलेल्या जलाशयाची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण बागेचे सारे रूप तिच्यावरच अवलंबून आहे. आत खांबांच्या रांगा, वर छत, छतावर मातीचा थर आणि त्यावर हिरवळ. मातीमुळे पाणी उन्हात तापत नाही, हिरवळीमुळे माती वाहून जात नाही. मधोमध वड-पिंपळ लावता येत नाही, कारण मुळे छताला भेगा पाडतील. म्हणून मध्यभागी गवत आणि उथळ मुळांची फुलझाडे, मोठी झाडे कडेला उतारावर. अशा बागेत आपल्याला जी मोकळी, आभाळभर हिरवळ आवडते, ती कोणा बागकाराची हौस नसून पाण्याची गरज आहे. मलबार हिलवरचे फिरोजशहा मेहता उद्यानही असेच जलाशयाच्या डोक्यावर बसलेले आहे. भंडारवाड्याची बाग म्हणजे त्याची पूर्वेकडची, फारशी मिरवली न गेलेली बहीण.

याच काळातली एक गोष्ट माझ्या गावाकडची म्हणून सांगतो. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली आणि आमच्या काळ्या मातीतला कापूस गाठोड्यांतून मुंबईच्या बंदराकडे निघाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाला आलेली तेजी तोवर ओसरली होती, पण वाट पडली ती पडली. हार्बर मार्गावर कॉटन ग्रीन नावाचे स्टेशन आहे, इथून पुढे दोनच स्टेशने. माझ्या आजोळच्या वावरातला कापूस त्या गोदामांत कधी ना कधी उतरला असणार, या विचाराने त्या पाटीकडे मी गाडीतून दरवेळी पाहतो. म्हणजे या टेकडीशी आमचे नाते अगदीच पाहुण्याचे नाही.

रूळ आणि स्वराज्य : १९१० ते १९२०

१९१० साली कुर्ल्याहून रे रोडपर्यंत बंदरमार्गाची रेल्वे आली. बंदर वाढत होते, समुद्र मागे हटवला जात होता. ग्लोरिया चर्च १९११ मध्ये पाडले गेले आणि भायखळ्याला नव्याने उभे राहिले. जुन्या माझगावची एक खूण हलली.

टेकडीच्या सावलीतल्या माथारपाखाडीत मात्र आणखी काही घडत होते. १७ मार्च १८६४ रोजी तिथे जन्मलेले जोसेफ बाप्टिस्टा पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, जंगल खात्यात नोकरी केली, मग केंब्रिजला गेले आणि बॅरिस्टर होऊन परतले. घरात मराठी बोलणारा हा ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचा मुलगा लोकमान्य टिळकांचा निकटचा सहकारी झाला. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावच्या प्रांतिक परिषदेच्या वेळी टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष बाप्टिस्टा आणि चिटणीस न. चिं. केळकर. त्याच वर्षी अॅनी बेझंट यांचीही वेगळी लीग निघाली. दोन लीग कशासाठी, असा प्रश्न तेव्हाही निघाला होता. प्रदेश वाटून घेऊन दोघींनी काम केले आणि काम झाले, एवढे इथे पुरे. १९१७ मध्ये होमरूलची बाजू मांडायला बाप्टिस्टा इंग्लंडला गेले.

टेकडीच्या आसपास राहणारा माणूस गोदीतला, रेल्वेतला, गिरणीतला. त्याचे गाऱ्हाणे ऐकणारा बॅरिस्टर हाताशी होता. लोक त्यांना काका म्हणू लागले. ही पदवी कोणत्याही विद्यापीठाने दिलेली नव्हती.

सुवर्णकाळ : १९२० ते १९३०

३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. लाला लजपतराय अध्यक्ष होते आणि तिच्या उभारणीत काकांचा मोठा वाटा होता. १९२१ मध्ये झरियाच्या कोळसाखाणींच्या प्रदेशात भरलेल्या दुसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्षपद काकांकडे आले. असहकाराच्या वाटेबद्दल त्यांचे गांधीजींशी मत जुळले नाही. आपल्या पद्धतीने ते कामगारांत आणि नगरपालिकेत काम करत राहिले.

१९२५ हे या इतिहासातले मानाचे पान. ३ फेब्रुवारीला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी हार्बर मार्गावरून विजेची गाडी धावली. देशातली ही पहिलीच. टेकडीच्या कुशीतून वळण घेत ती गेली. ते वळण आजही आहे, डॉकयार्ड रोडचा फलाट त्या वळणाला धरूनच आहे. आणि त्याच वर्षी काका महानगरपालिकेचे प्रमुख झाले. तेव्हा त्या पदाला अध्यक्ष म्हणत. महापौर हे नाव १९३१ पासून आले. आपण सर्वजण प्रेमाने त्यांना महापौर म्हणतो, तेही चुकीचे नाही.

१९३० साली काकांचे निधन झाले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांचे चिरविश्रांतिस्थान आहे. पुढे या बागेला त्यांचे नाव मिळाले. किल्ला बांधला कंपनीने, आपल्या व्यापाराच्या रक्षणासाठी. त्याच माथ्यावर आज कंपनीच्या वारसांकडे स्वराज्य मागणाऱ्या माणसाचे नाव आहे, आणि तो माणूस टेकडीच्या पायथ्याचाच. असा न्याय इतिहास क्वचितच करतो.

परीक्षेचा काळ : १९४० ते १९५०

१४ एप्रिल १९४४. दुपारचे चार वाजून गेले होते. जवळच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाची बोट लागली होती. पोटात चौदाशे टनांच्या आसपास स्फोटके, शिवाय कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा. कापसाला आग लागली आणि अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. गोद्या उद्ध्वस्त झाल्या, आसपासच्या वस्त्या पेटल्या, शेकडो माणसे गेली, हजारो बेघर झाली. आग विझवताना अग्निशमन दलाच्या ६६ जवानांना वीरमरण आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो.

आगीच्या दिवसांत पाण्याची किंमत कळते. ज्या टेकडीवरच्या तोफांनी एकही लढाई जिंकली नाही, तिच्या पोटात त्या दिवशी शहराला सर्वांत जास्त हवी असलेली वस्तू होती. बोटीच्या नावात 'फोर्ट' होते आणि खरा फोर्ट इथे गवताखाली पाणी धरून बसला होता.

नवी जहाजे, नवी माणसे : १९६० ते १९८०

१९३४ साली कंपनी म्हणून नोंदलेली माझगाव गोदी १९६० मध्ये सरकारने ताब्यात घेतली. त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. कोकणातून, घाटावरून, विदर्भ-मराठवाड्यातून माणसे आली. कोणी जोडारी, कोणी सांधाता, कोणी रंगारी. ऑक्टोबर १९६८ मध्ये 'निलगिरी' या युद्धनौकेचे जलावतरण झाले आणि १९७२ मध्ये ती नौदलात दाखल झाली. लीअँडर जातीची ही पहिली फ्रिगेट भारतात बांधली गेली, ती या टेकडीच्या पायथ्याशी.

बागेतून गोदीकडे पाहणे हा तेव्हापासून माझगावकरांचा छंद. एका जुन्या रहिवाशाने मला सांगितले, "आमच्या लहानपणी बाबा वर घेऊन यायचे, बोट दाखवून म्हणायचे, ती बोट मी बांधतोय. आम्हाला वाटायचं, एकटेच बांधतायत." कामगारांच्या मुलांना आपल्या वडिलांचे काम दुरून का होईना दिसावे, अशी जागा या शहरात फार नाही.

भावंडांची ओळख : १९९० ते २०१०

या काळात मुंबईत किल्ल्यांकडे नव्याने पाहिले जाऊ लागले. १९९५ साली शहरासाठी वारसा नियमावली आली. आपल्या टेकडीची भावंडे कोण, हे सांगण्याची ही योग्य जागा.

वांद्र्याच्या टोकाचा किल्ला पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधला. जवळच्या झऱ्यावर जहाजे गोडे पाणी भरत, म्हणून त्याचे नाव पाण्यावरून अगुआदा पडले. १७३९ मध्ये मराठ्यांच्या वसई मोहिमेच्या धामधुमीत इंग्रजांच्या सल्ल्याने तो पाडला गेला, शत्रूच्या हाती पडू नये म्हणून. २००३ पासून रहिवाशांच्या पुढाकाराने आणि खासदार निधीच्या मदतीने तिथली कमान आणि लाटांनी पोखरलेला पाया दुरुस्त झाला, झाडे राखली गेली, पायवाटा आणि खुला रंगमंच झाला. शीवचा किल्ला आँजियरच्या कारकिर्दीतला. त्याच्या पायथ्याशी पंडित जवाहरलाल नेहरू उद्यान आहे. शिवडीचा किल्ला अजून तटासह उभा आहे आणि खाली चिखलात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात.

या भावंडांत तटाचा एकही दगड न मिरवणारी टेकडी आपलीच. पण तिची बाग नुसती शोभेची नाही, ती कामाला आहे. वांद्र्याच्या किल्ल्याचे नाव पाण्याचे. आपल्या किल्ल्याच्या जागी प्रत्यक्ष पाणी.

आजचे कार्य

पहाटे साडेपाचला पहिले फिरणारे येतात. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात दुधाची पिशवी. सहाच्या सुमारास योगासनांच्या सतरंज्या पसरतात. दिवस उजाडला की पूर्वेला बंदर दिसू लागते. गोदीतल्या क्रेन, परांचीत गुंडाळलेली एखादी जहाजाची काया, पलीकडे धुरकट डोंगर. खाली हार्बरची लोकल वळणावर करकरते आणि फिरणाऱ्यांपैकी दोघे-तिघे घड्याळ न पाहता घराकडे वळतात. दुपारी डबा खायला कामगार, संध्याकाळी मुले. डिसेंबर २०१७ मध्ये 'कलवरी' ही पाणबुडी नौदलात दाखल झाली. ती आणि तिच्यानंतरच्या तिच्या बहिणी वरून दिसणाऱ्या या गोदीतच बांधल्या गेल्या.

बागेखाली भंडारवाडा जलाशयाचे काम अखंड चालू असते. माझगाव, डोंगरीपासून दक्षिणेकडच्या वस्त्यांना इथून पाणी जाते. दुरुस्तीसाठी पुरवठा बंद राहणार, अशी महापालिकेची सूचना वर्तमानपत्रात आली की भंडारवाड्याचे नाव छापून येते. एरवी ते कुणाला आठवत नाही. ठरल्या वेळी लांब दांड्याची चावी घेऊन चावीवाला येतो, रस्त्यातले झाकण काढतो, चावी खाली उतरवतो आणि अंगाचा भार टाकून फिरवतो. पहिले दोन-तीन वेढे कुरकुरतात, मग जमिनीतून घरघर ऐकू येते आणि चाळींत हंडे-बादल्यांचा आवाज सुरू होतो. तोपर्यंत चावीवाला पुढच्या झाकणाशी पोचलेला असतो. माझ्या मते या टेकडीवरचा आजचा किल्लेदार तोच. किल्ल्या त्याच्याच हातात आहेत.

ऋणनिर्देश

ही बाग कोणा एकाची नाही. माळीकाम करणारे, पावसाळ्यात उतारावरची माती सावरणारे, रात्री फाटकाशी बसणारे पहारेकरी, जलखात्याचे कामगार, पायऱ्या झाडणारे, पहाटे येऊन पहिला कचरा आपणच उचलणारे ज्येष्ठ नागरिक आणि बाकावर नाव कोरण्याचा मोह आवरणारी तरुण मंडळी, या सर्वांची ती आहे. कोणाचे नाव घ्यावे आणि कोणाचे राहू द्यावे, म्हणून नावे घेतलेली नाहीत. बागेच्या वेळा, बाकांच्या जागा, मुलांचे क्रिकेट अशा विषयांवर चार माणसांत होतात तसे मतभेद इथेही झाले. ते इथल्याच बाकांवर बसून मिटले. त्याहून अधिक तपशिलाची गरज नाही.

परतीच्या दिवशी मी पुन्हा वर गेलो. आजोबा होतेच. "मिळाला किल्ला?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "मिळाला. चावीवाल्याकडे आहे." ते हसले, या वेळी मात्र थांबले. म्हणाले, "तुमच्या गावाला पाणी येतं ना नीट?" आमच्याकडे संत्र्याच्या बगिच्यांत उन्हाळ्यात विहिरीचे पाणी कुठवर उतरते, ते मी त्यांना सांगितले. "मग तुम्हाला कळलं," ते म्हणाले आणि पुढच्या फेरीला लागले.